दुसरा सामना कोण जिंकला असता

३ मार्च

भावजी,

बावीस वर्षांनी पत्र लिहिताना मायना काय घालावा, यातच दोन दिवस गेले. शेवटी म्हटलं, जे नातं आहे तेच लिहावं.

कामाचं आधी सांगते. पुढच्या महिन्यात बॉक्सिंग क्लबला पन्नास वर्षं होतात. स्मरणिका काढतायत. त्यात एक पान तुमच्या दादांचं आहे. पानाच्या डोक्यावर प्रश्न छापलाय: 'कपाट' आणि 'भट्टीवाला' यांचा दुसरा सामना झाला असता, तर कोण जिंकलं असतं? क्लबच्या बारा जुन्या माणसांना विचारलं. अकरा जणांनी कपाट, म्हणजे तुमचे दादाच, असं लिहून दिलं. बाराव्याला ऐकू कमी येतं, त्याने स्वतःचं नाव लिहिलं.

सेक्रेटरी घरी आले होते. चहा घेता घेता म्हणाले, "वहिनी, तुमचा अंदाज सगळ्यात शेवटी, ठळक छापू. दोन ओळी पुरेत."

मी म्हटलं, "आणि मी लिहिलं की हे हरले असते, तर?"

ते हसले. "तुम्ही कशाला असं लिहाल? अहो, आठव्या राउंडला तो टॉवेल पडला नसता तर पहिलाच सामना आपला होता. शेंबडं पोर सांगेल."

मसुदा ठेवून गेले. त्यात तुमचं नाव नाही. 'कोपऱ्यातल्या एका घाबरट माणसाने टॉवेल फेकून हार मानली आणि हेवीवेटचा किताब गेला,' एवढंच. सख्ख्या भावाने फेकला हे लिहायची त्यांना लाज वाटली असावी. आता मी दोन ओळी दिल्या की त्या वाक्यावर बायकोचा शिक्का बसणार. पुढची पन्नास वर्षं तुम्ही घाबरट.

मी शिकलेली नाही, पण वाचलेली आहे. दवाखान्यात फरशी पुसता पुसता औषधांच्या खोक्यांवरून अक्षरं लावायला लागले आणि पुढे वाचनालयाच्या तीन भिंती संपवल्या. वाचणाऱ्याला एक खोड लागते. शेवट कळल्याशिवाय त्याला पुस्तक मिटवत नाही. या सामन्याचा शेवट मला कळलेला नाही. म्हणून मी ठरवलंय, अंदाज द्यायचा तर बायको म्हणून द्यायचा नाही. पंचासारखा द्यायचा, पुरावा बघून.

पहिल्या सामन्याची फिल्म जावयांनी मला कॉम्प्युटरवर लावून दिली आहे. मी यांचा एकही सामना पाहिला नव्हता. सामना असला की मी घरात धुणं काढून बसायची, म्हणजे नळाच्या आवाजात शेजारचा रेडिओ ऐकू येऊ नये.

तुम्ही कोपऱ्यात होतात. तुम्हाला एकच विचारते. टॉवेल का टाकलात? टोमणा नाही हा. जे दिसलं ते लिहा.

हे जाऊन अकरा महिने झाले. मी फोनवर सांगितलं. तुमच्या दुकानात कुठल्यातरी सायकलचं चाक फिरत होतं, ते थांबेपर्यंत मी ऐकत राहिले. मग तुम्ही फोन ठेवलात. मी ते मनात धरलेलं नाही. मी स्वतः अजून चहाचा कप यांच्या खुर्चीच्या उजव्या अंगाला ठेवते आणि मग उचलून आत नेते. कोणी कोणाला नावं ठेवायची?

तुमची वहिनी


१२ मार्च

भावजी,

उत्तर नाही. बरं.

फिल्म अकरा वेळा पाहिली. पहिल्यांदा डोळे मिटून घेतले, दुसऱ्यांदा बोटांच्या फटीतून, तिसऱ्या वेळेपासून पेन्सिल घेऊन. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे एकेका राउंडचं एक पान केलंय. पहिले चार राउंड यांचे. लोकांचं सामान वाहणाऱ्याची ताकद दिसते. दोन जिने कपाट पाठीवर नेणाऱ्या माणसासारखे पुढे पुढे जातात, त्या धिप्पाड भट्टीवाल्याला दोरांपर्यंत रेटतात. पाचव्यापासून काहीतरी बिघडतं. काय, ते मला सांगता येईना.

म्हणून मी भट्टीवाल्यालाच फोन लावला. नंबर क्लबमधून मिळाला. काचेच्या कारखान्यातून निवृत्त झालेत, गुडघे गेलेत.

"कपाटाची बायको बोलतेय," म्हटलं.

मग म्हणाले, "वाईट वाटलं ऐकून. मी यायला हवं होतं. पण म्हटलं, मला बघून लोक काय म्हणतील."

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "कोण आहे?"

"ज्याने माझे दोन दात पाडले, त्याची मंडळी."

"मग तिला सांगा, कवळीचा खर्च अजून चालूच आहे."

मी हसले. अकरा महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसले असेन, आणि तेही कोणापाशी.

मग प्रश्न विचारला. दुसरा सामना कोण जिंकलं असतं?

"मी," ते म्हणाले. बढाईच्या सुरात नाही, पावसाचा अंदाज सांगावा तसं. "पण माझं कोण ऐकतंय? बाई, तुम्हाला खरं सांगू का? पाचव्या राउंडनंतर तुमचा माणूस माझ्याकडे बघतच नव्हता. ऐकत होता. मी श्वास सोडला की त्या दिशेला ठोसा. मी त्याच्या डावीकडे सरकलो की त्याच्या लेखी मी नाहीच. हे मला कळायलाच पाच राउंड गेले. दुसरा सामना झाला असता तर मी पहिल्या घंटेपासून डावीकडेच उभा राहिलो असतो."

फोन ठेवल्यावर मी ओट्याला टेकून उभी राहिले. भावजी, त्यांच्या डावीकडचं मला माहीत होतं. तुम्हाला माहीत नव्हतं. या पत्रात एवढंच लिहिते. पुढचं लिहायला जरा अंगात बळ येऊ दे.

तुमची वहिनी


२० मार्च

भावजी,

तुमचं कार्ड आलं. एकच ओळ. "वहिनी, मेलेल्या माणसाचा सामना लावू नका." अक्षर अजून तसंच आहे, पाना-पक्कड धरल्यासारखं.

मी सामना लावत नाही. लागलेला होता, तो मिटवतेय. आता नीट ऐका.

त्या सामन्याच्या आदल्या वर्षी सरावात यांच्या डोक्याला ठोसा लागला होता, आठवतं? तुम्ही बर्फ धरला होता. त्यानंतर महिनाभरात डाव्या डोळ्यावर पडदा आला आणि मग तो डोळा गेलाच. त्यांनी मला सांगितलं आणि माझ्याकडून शब्द घेतला. "त्याला सांगू नकोस. तो मला रिंगमध्ये उतरू देणार नाही." 'तो' म्हणजे तुम्ही.

सामन्याआधी डॉक्टरांची तपासणी असायची, ती मी काम करायची त्याच दवाखान्यात. भिंतीवर डोळ्यांचा तक्ता होता. अक्षरांचा नाही, न वाचणाऱ्यांसाठी असतो तो. त्यात तीन दातांच्या फण्या काढलेल्या असतात, वरून खाली लहान लहान होत जाणाऱ्या. डॉक्टर एक डोळा झाकायला लावतात आणि पेशंटने हाताने दाखवायचं, फणीचे दात वर आहेत, खाली आहेत, डावीकडे की उजवीकडे.

मी तो तक्ता एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत कागदावर उतरवून घेतला.

घरी पाठ करायला बसलो तर यांच्या डोक्यात राहीना. पाठांतराच्या नावाने आनंदच होता. मग त्यांनीच युक्ती काढली. उजवीकडे म्हणजे उजवा ठोसा. डावीकडे म्हणजे डावा. वर म्हणजे खालून हनुवटीला. खाली म्हणजे पोटात. मी भाजी निवडता निवडता म्हणायची, "शेवटची ओळ," आणि हे भिंतीसमोर उभे राहून मारायचे: उजवा, हनुवटी, डावा, पोट, हनुवटी. आठवडाभरात हातांना सगळा तक्ता पाठ झाला. तपासणीत उजवा डोळा झाकला आणि एक चूक न करता पास झाले. डॉक्टर म्हणाले म्हणे, "घारीची नजर आहे." आम्ही घरी येऊन पोट धरून हसलो. आता ते हसू आठवलं की तोंड धुऊन यावंसं वाटतं.

आता आठवा राउंड. बाराव्यांदा पाहत होते. भट्टीवाला यांना कानशिलात लगावतो. हे पडत नाहीत. उभे राहतात, पाय रोवून. क्लबवाले म्हणतात ना, "उभा होता, पडला नव्हता, मग टॉवेल कशाला?" खरंच उभे होते. आणि मग हे ठोसे मारायला लागतात. उजवा, हनुवटी, डावा, पोट, हनुवटी. समोर कोणी नाही. भट्टीवाला दोन पावलं बाजूला, हात खाली करून बघत उभा आहे. परत तेच. उजवा, हनुवटी, डावा, पोट, हनुवटी. तिसऱ्यांदा सुरू होतं आणि मध्येच पांढरा टॉवेल येऊन पडतो.

भावजी, ते लढत नव्हते. ते माझा तक्ता म्हणत होते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या हातात जे शेवटचं उरतं, ते मी शिकवलेलं होतं.

तुम्हाला तक्त्याचं काही माहीत नव्हतं. तरी तुम्ही बरोबर वाचलंत.

तुमची वहिनी


२७ मार्च

भावजी,

यावेळी दोन कार्डं, दोन्ही भरलेली. तुमच्या मानाने कादंबरीच.

तुम्ही लिहिलंत, "तेच पाच ठोसे दोनदा मोजले. तिसऱ्यांदा मोजायची हिंमत झाली नाही." सगळ्या सभागृहात मोजणारे तुम्ही एकटे होतात. आणि मग तुम्ही सरळ विचारलंत, "तक्ता पाठ होता तर दुसऱ्या सामन्याच्या तपासणीत दादा नापास कसा झाला?"

मला ठाऊक होतं हा प्रश्न येणार. तुम्ही चाकाला हात लावून आरा कुठे वाकलाय ते सांगणारे. म्हणून तर आधीच्या पत्रात तिथेच थांबले होते.

क्लबला यांनी सांगितलं, डॉक्टर विकला गेला. सगळ्यांनी मानलं. पुढे डोळा पांढुरका दिसायला लागला तेव्हा म्हणाले, सामान उतरवताना कोपरा लागला. तेही मानलं. खरं असं आहे.

पहिल्या सामन्यानंतर हे नऊ दिवस मला 'आई' म्हणून हाक मारत होते. तुम्ही रोज दाराशी येऊन जायचात आणि मी सांगायची, झोपलेत. झोपलेले नसायचे. मला विचारायचे, "आई, भाऊ शाळेतून आला का?" दहाव्या दिवशी मला माझ्या नावाने हाक मारली, भाकरी मागितली आणि म्हणाले, "दुसरा सामना मागतो."

मी नाही म्हणाले नाही. तुमच्या दादांना नाही म्हणणं म्हणजे भिंतीला डोकं. त्यापेक्षा फसवणं सोपं होतं. आठ महिन्यांनी सामना मिळाला, तेव्हा परत भाजी निवडत बसले, परत ओळी म्हणाले, यांच्या हातांची उजळणी करून घेतली. मनात एकच होतं, हा माणूस परत रिंगमध्ये गेला तर मला परत आई म्हणेल, आणि यावेळी दहावा दिवस उजाडणार नाही.

दवाखान्यात टेबलाच्या खणात दुसरा तक्ता होता. तसाच, फक्त फण्यांची तोंडं वेगळी. तपासणीच्या सकाळी मी भिंत पुसायला म्हणून पहिला उतरवला, फिनेलच्या फडक्याने भिंत पुसली आणि दुसरा लावला. मग बादली घेऊन बाहेर जिना पुसायला गेले. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "परत दाखवा बरं. नाही, परत." तिसऱ्यांदा 'परत' म्हणाले तेव्हा मी बादली उचलून खाली गेले.

त्याच संध्याकाळी यांनी तुम्हाला क्लबच्या दारात, सगळ्यांदेखत, म्हटलं, "तू टॉवेल टाकला नसतास तर मला दुसरा सामना मागावाच लागला नसता. आजपासून तू माझा कोणी नाहीस." आठवड्याभरात तुम्ही सामान बांधलंत. माझ्या कानावर आलं. मी एक वाक्य बोलले असते तर तुम्ही राहिला असता. बोलले नाही. डॉक्टरांवर आळ आला, तोही येऊ दिला. ते आता हयात नाहीत, त्यांची माफी मागायची राहून गेली.

माझ्या बाजूने सांगण्यासारखं एकच आहे. हे त्यानंतर एकवीस वर्षं जगले. लेकीच्या लग्नात नाचले, वाईट नाचले. एका डोळ्याने लोकांची कपाटं जिन्यावरून चढवली आणि एकदाही भिंतीला खरचटू दिलं नाही. घरात आम्ही सगळे त्यांच्या उजवीकडून जायला शिकलो. ती एकवीस वर्षं मी चोरून आणली आणि किंमत तुमच्याकडून घेतली. तुम्हाला न विचारता.

तुम्ही रागावलात तर रागवा. पण हे पत्र फाडू नका. अजून एक गोष्ट आहे आणि ती माझी नाही, तुमची आहे.

वहिनी


५ एप्रिल

भावजी,

आठ दिवस वाट पाहिली. कार्ड आलं नाही, पत्रही परत आलं नाही. म्हणजे वाचलंत.

तुमची गोष्ट आता देते. वर्षभर माझ्याकडे पडून होती.

शेवटच्या आठवड्यात हे उशीला टेकून बसायचे, बोलणं कमी झालं होतं. मी त्यांच्या उजवीकडे बसून वाचून दाखवत होते. मध्येच म्हणाले, "त्या दिवशी भिंतीला फिनेलचा वास येत होता."

मी पुस्तक तसंच धरून बसले.

"आत पाऊल टाकलं तेव्हाच वास आला. म्हटलं, आज हिने भिंत पुसली. कधी पुसत नाही, आजच पुसली."

"तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"पहिल्याच ओळीला कळलं."

"मग मला का नाही बोललात? इतकी वर्षं?"

तर म्हणाले, "तुझ्यावर रागावलो असतो तर घरात बोललो कोणाशी असतो? राग तर कोणावर तरी काढायचाच होता. तू घरात होतीस. तो बाहेर होता."

मग बराच वेळ दम खात होते. आणि म्हणाले, "त्याला सांग, टॉवेल वेळेवर पडला."

हा तुमचा निरोप. एवढे तीन शब्द सांगायला मला वर्ष का लागलं, ते आता तुम्हाला कळलं असेल. फक्त निरोप दिला असता तर तुम्ही विचारलं असतं, दादाचं मन कशाने वळलं. आणि मला फिनेलपर्यंत यावं लागलं असतं. सेक्रेटरींनी ते पान आणलं नसतं तर कदाचित मी तो निरोप बरोबर घेऊनच गेले असते.

काल माझा अंदाज देऊन आले. दोन ओळींचा झाला नाही. असा आहे:

"दुसरा सामना झाला असता तर भट्टीवाला जिंकला असता, आणि तिसऱ्याच राउंडला. माझ्या पतीला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं. पहिल्या सामन्यातही दिसत नव्हतं. ते लपवून तपासणीत पास व्हायला मी मदत केली आणि पुढे नापास व्हायलाही मीच कारण झाले. डॉक्टर विकले गेलेले नव्हते. पहिल्या सामन्यात माझ्या पतीचा जीव त्यांच्या धाकट्या भावाने वाचवला. तो घाबरट नव्हता. त्या सभागृहात डोळे उघडे असलेला तो एकच माणूस होता. दुसऱ्या सामन्यातही टॉवेल त्याच्याच हातून पडला असता, आणि पाच राउंड आधी."

सेक्रेटरींनी दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "वहिनी, हे छापता येणार नाही. कपाटाचं नाव खराब होईल."

"कपाट मजबूत आहे," मी म्हटलं, "खराब होत नाही."

"अकरा जणांनी जिंकणार म्हणून लिहून दिलंय. त्यांचं काय?"

"छापा की. अंदाज आहेत. त्यांचा त्यांनी दिला, माझा मी दिला. शिवाय मी फिल्म बघितलीय."

"आणि नाही छापलं तर?"

मुखपृष्ठावर लावायला यांचा एकमेव धड फोटो माझ्याकडे आहे, दोन्ही हात वर केलेला. तो मी पाकिटातून अर्धा बाहेर काढून दाखवला आणि परत आत सरकवला. म्हटलं, "फोटो आणि अंदाज एकाच पाकिटात आहेत. सुटे मिळत नाहीत."

ते खुर्चीत मागे टेकले. शेवटी म्हणाले, "त्या धाकट्या भावाचं नाव काय लिहू? आम्ही सगळे टॉवेलवालाच म्हणायचो."

मी तुमचं पूर्ण नाव कागदावर लिहून दिलं. त्यांनी माझ्यासमोर मसुद्यातलं 'एका घाबरट माणसाने' खोडलं आणि वर तुमचं नाव घातलं. आज मुद्रितं पाहून आले. छापलंय. एक काना राहिला होता, तो घालून घेतला.

कार्यक्रम एकवीस तारखेला, सकाळी दहाला. भट्टीवाला येणार आहेत, काठी घेऊन आणि बायको घेऊन. ते म्हणाले, "टॉवेलवाला येणार असेल तर मी नक्की. त्या रात्री त्याने मला खुनी होऊ दिलं नाही, एवढं तरी बोलू द्या." घरच्यांसाठी पुढच्या रांगेत मी दोन खुर्च्या सांगितल्या आहेत. लेक-जावई मागे बसतील, त्यांना मी सांगितलंय दुसरी कोणाची ते.

अजून एक. तो टॉवेल घरात आहे. त्या रात्री तो यांच्याच पिशवीतून आला. तुमच्यावरच्या रागाने फाडून टाकतील असं मला वाटलं होतं. नाही फाडला. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून त्याची चौघडी करून खांद्यावर घ्यायला लागले, सामान उचलताना. एकवीस वर्षं प्रत्येक कपाट आणि त्यांच्या खांद्याचं हाड यांच्यामध्ये तो टॉवेल होता. मध्ये विरला, मी दोनदा रफू केला. तुमचं नाव घरात घेतलं जात नव्हतं, पण तो वाळत घालायला विसरले तर माझ्यावर ओरडायचे.

तो धुऊन, घडी घालून ठेवलाय. पोस्टाने पाठवणार नाही. वस्तू तुमची आहे, न्यायला तुम्हीच या.

तुमची वहिनी